जर्मनीला कास्टिंग पाठवायचंय, तर कोणत्या संघटनेकडे जायचं?

पत्र : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे. ग्रे आयर्न (साधं ओतीव लोखंड) आणि एसजी आयर्नची (चिवट ओतीव लोखंडाची) ५ ते ८० किलोपर्यंतची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, आम्ही करतो; पंप बॉडी, व्हॉल्व्ह बॉडी आणि गिअरबॉक्स हाउसिंग जास्त. महिन्याला साधारण २५० टन माल निघतो आणि तो सगळा पुणे-चेन्नईला जातो. थोरल्या भावाचा आग्रह आहे की आता जर्मनीत शिरायचं. एकजण सांगतो, तिकडच्या इंजिनिअरिंग उद्योगाच्या संघटनेचं सदस्यत्व घ्या, ऑर्डरी आपोआप येतील. दुसरा म्हणतो, संघटना म्हणजे वर्गणी आणि चहापान, सरळ एजंट नेमा. स्मॅकचे, म्हणजे शिरोलीतल्या कारखानदारांच्या संघटनेचे सदस्य आम्ही आहोतच. आणखी कुठं पैसे घालायचे आणि त्यातून नेमकं काय मिळतं? भाऊ ऑगस्टमध्ये तिकडं आठवडाभर जाऊन यायचं म्हणतोय.
– एक वाचक, शिरोली

उत्तर : नमस्कार.

वर्गणीचा चेक लिहिण्याआधी प्रत्येक संघटनेबद्दल एकच गोष्ट विचारा : ही कुणाच्या वर्गणीवर चालते? जो वर्गणी भरतो त्याचं काम ती करणार. ‘जर्मनीतली संघटना’ असं मोघम धरलं, की परदेशी पुरवठादाराचे पैसे नको तिथं जातात. तुमच्या मालापुरतं बोलायचं तर तिथं किमान चार वेगवेगळ्या जातीच्या संघटना आहेत, आणि त्यांतल्या एकीशी तर तुमचा थेट सामना आहे.

ती म्हणजे जर्मन फाउंड्र्यांची संघटना, बीडीजी. कार्यालय ड्युसेलडॉर्फला. तिचे सदस्य तुमचे स्पर्धक. नावात ‘फाउंड्री’ आहे म्हणून आपली माणसं आधी तिकडंच पत्र पाठवतात आणि उत्तर आलं नाही की नाराज होतात. त्यांनी तुम्हाला गिऱ्हाईक का शोधून द्यावं?

दुसरी व्हीडीएमए, म्हणजे यंत्रं बनवणाऱ्यांची संघटना. मुख्यालय फ्रँकफर्ट, स्थापना १८९२. पंप, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्स करणारे कारखाने हिच्यात आहेत, म्हणजे तुमचे होऊ घातलेले ग्राहक. पण हिचं सदस्यत्व मुळात युरोपात उत्पादन करणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. तुम्हाला ते घेता येणार नाही आणि घ्यायची गरजही नाही. तिची भारतात कार्यालयं आहेत, ती जर्मन कंपन्यांना भारतात मदत करण्यासाठी, हेही ध्यानात ठेवा. तुमच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे तिची उत्पादनवार सदस्ययादी. पंपांचा विभाग वेगळा, व्हॉल्व्हचा वेगळा, गिअरबॉक्सचा वेगळा. वर्गणी न भरता त्यातून चाळीस-पन्नास कारखान्यांची नावं काढता येतात. हे काम एजंटावर सोडू नका, घरी बसून स्वतः करा. कोण काय बनवतो हे कळलं की कुणाला किती किलोचं कास्टिंग लागेल याचा अंदाज तुम्हालाच सर्वांत चांगला येईल.

तिसरी, दोन्ही देशांमधला दुवा : इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स. १९५६ पासून आहे, मुख्यालय मुंबईत, कार्यालय पुण्यातही आणि ड्युसेलडॉर्फमध्येही. भारतीय आणि जर्मन, दोन्ही कंपन्या सदस्य. तुमचा पहिला मोठा खर्च इथं व्हावा असं आमचं मत आहे. चौथीबद्दल, म्हणजे एजंटांच्या संघटनेबद्दल, पुढं येईल.

तिकडं काही करण्याआधी इकडचं घर नीट लावा. आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड डीजीएफटीच्या (परराष्ट्र व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर ५०० रुपयांत मिळतो. तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावा लागतो. बदल नसला तरी ‘बदल नाही’ असं भरावं लागतं. राहून गेलं की कोड निष्क्रिय होतो, आणि हे कळतं माल बंदरावर अडल्यावर. त्यानंतर ईईपीसीचं सदस्यत्व. १९५५ साली स्थापन झालेली ही इंजिनिअरिंग निर्यातीची परिषद. तिच्याकडून आरसीएमसी, म्हणजे नोंदणी-सदस्यत्वाचं प्रमाणपत्र घ्या. ते पाच वर्षं चालतं आणि परराष्ट्र व्यापार धोरणातल्या सवलती मागताना लागतं. फिओकडूनही (निर्यात संघटनांच्या महासंघाकडूनही) आरसीएमसी मिळतं, पण तुमचा मुख्य माल इंजिनिअरिंगचा असताना ईईपीसीच बरी, कारण परदेशी प्रदर्शनांत भारतीय दालन तीच उभारते. वाणिज्य मंत्रालयाच्या मदतीतून तिथल्या जागेचं भाडं बरंच खाली येतं. उलाढालीच्या आणि आधी किती वेळा लाभ घेतला याच्या अटी असतात, त्या अर्ज करण्याआधी त्यांच्या मुंबई कार्यालयातून लेखी मागून घ्या.

आता चेंबरकडून नेमकं काय घ्यायचं. सदस्य झालात की माहितीपत्रकं येतील, कार्यक्रमांची निमंत्रणं येतील. तेवढ्यावर थांबलात तर तुमच्या दुसऱ्या सल्लागाराचं चहापानाचं बोलणं खरं ठरेल. तुम्हाला हवी आहे ती ‘बिझनेस पार्टनर सर्च’ ही सेवा, आणि तिचे पैसे वेगळे पडतात. चेंबर तुमची माहिती घेतं, जर्मन बाजूनं कंपन्यांची लांब यादी करतं, त्यांच्या खरेदी विभागाशी संपर्क साधतं आणि ज्यांनी रस दाखवला त्यांची छोटी यादी तुमच्या हातात देतं. सांगितलं तर भेटीही ठरवून देतं. थोडक्यात, स्थळं सुचवण्याचं काम.

ठरवताना पाच गोष्टी लेखी मागा : किती कंपन्यांशी संपर्क होणार, फोन करणार की नुसते मेल पाठवणार, जर्मन बोलणारा माणूस करणार का, काम किती आठवड्यांत संपणार, आणि ज्यांनी ‘नको’ म्हटलं त्यांची कारणं कळवणार का. शेवटची बाब सगळ्यांत मोलाची. तीसपैकी वीसजणांनी ‘मशीनिंगसकट (यंत्रावर कापून नेमक्या मापाचं) हवं’ असं सांगितलं असेल, तर तुमचा पुढचा पैसा प्रदर्शनात न घालता व्हीएमसीत, म्हणजे मशीनिंगच्या यंत्रात घालायचा, हे तुम्हाला तिथंच कळतं.

यादी विकत घेऊन शेकडो मेल सोडण्याचा मोह होईल. जर्मनीत ते चालत नाही. अनुचित स्पर्धेविरुद्धच्या कायद्याच्या कलम ७ नुसार आधी संमती नसताना जाहिरातीचा मेल पाठवणं कंपनी-कंपनीमध्येसुद्धा बेकायदा आहे. वकिलाची नोटीस येऊ शकते, आणि ती नाही आली तरी तुमचं नाव खरेदी विभागाच्या नको त्या यादीत बसतं. चेंबरनं विचारून मग पाठवलेला कागद आणि थेट आलेला मेल यांत तिथं जमीन-अस्मानाचा फरक आहे. संघटनेचा खरा उपयोग इथं आहे, तिच्या ओळखीनं तुमचा कागद वाचला जातो.

तो कागद मात्र तुमचा तुम्हीच करायचा. एकच पान, जर्मन भाषेत, चांगल्या अनुवादकाकडून. ‘आम्ही सर्व प्रकारची कास्टिंग करतो’ हे वाक्य त्यात कुठंही नको. ग्रेड त्यांच्या भाषेत लिहा : आपण एफजी २६० म्हणतो त्याच्या जवळचं ईएन-जीजेएल-२५०, आणि एसजीमध्ये ईएन-जीजेएस-४००-१५, ईएन-जीजेएस-५००-७. ग्रे आयर्नचं मानक ईएन १५६१, एसजीचं ईएन १५६३. जुने जर्मन लोक अजून जीजी २५, जीजीजी ४० म्हणतात, तीही नावं ओळखीची असू द्या. मोल्डिंग बॉक्सची (वाळूच्या साच्याच्या चौकटीची) मापं, वजनाचा पल्ला (५ ते ८० नव्हे, तुम्हाला जिथं सगळ्यांत कमी रिजेक्शन येतं तो, समजा १२ ते ४५ किलो), कोअर (आतली पोकळी करणारे वाळूचे गाभे) कोणत्या पद्धतीचे, मितींची टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आयएसओ ८०६२-३ प्रमाणे कितव्या वर्गात धरता, स्पेक्ट्रोमीटर (धातूतले घटक तपासणारं यंत्र) आणि सीएमएम (मापं तपासणारं यंत्र) आहे का, महिन्याची क्षमता किती आणि त्यातली मोकळी किती, हे सगळं हवं. मोकळी क्षमता लपवू नका. २५० टनांपैकी २५० टन भरलेली फाउंड्री त्यांना नको असते आणि ८० टनच चालू असलेलीही नको असते.

ईएन १०२०४ प्रमाणे ३.१ प्रमाणपत्र देता का, हा प्रश्न पहिल्या मेलमध्येच येईल. हे प्रमाणपत्र म्हणजे त्याच मालाच्या चाचणीचे प्रत्यक्ष निकाल, आणि त्यावर सही करणारा माणूस उत्पादन विभागाच्या हाताखालचा नसावा लागतो. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी वर्क्स मॅनेजरच सही करतो. ऑडिटमध्ये हे तिथंच पकडलं जातं. नेमणुकीचं पत्र आजच करून ठेवा. व्हॉल्व्ह बॉडी दाबाखाली चालणारी असेल तर प्रेशर इक्विपमेंट डायरेक्टिव्हचा, म्हणजे दाबाखालच्या उपकरणांसाठीच्या २०१४/६८/ईयू या युरोपीय नियमाचा विषय निघेल. साहित्याचा उत्पादक म्हणून वेगळी मान्यता लागेल, तिला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. म्हणून पहिल्या फेरीत पंप बॉडी आणि गिअरबॉक्स हाउसिंग पुढं करा, व्हॉल्व्ह मागून.

दोन कायद्यांची माहिती संघटनेकडूनच घ्या, कारण सल्लागार यात उगाच घाबरवतात. एक, जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा. तो २०२३ पासून ३,००० आणि २०२४ पासून १,००० कामगारांच्या वरच्या कंपन्यांना लागू झाला. तुम्हाला थेट लागू नाही, पण तुमचा ग्राहक त्यात येत असेल तर प्रश्नावली पाठवतो : कंत्राटी कामगार, ओव्हरटाइम, फेटलिंगमधली (कास्टिंग घासून साफ करतानाची) धूळ, त्यातल्या सिलिकाची तपासणी. खरं तेच लिहा आणि जिथं कमी आहात तिथं सुधारणेची तारीख लिहा. सगळीकडं ‘हो’ लिहिलेली प्रश्नावली तिथं संशयास्पद मानतात.

दुसरा सीबॅम, युरोपचा कार्बन कर. १ जानेवारी २०२६ पासून तो पैशांत लागू आहे. इथं सगळं एचएस कोडवर, म्हणजे कस्टमच्या वर्गीकरण क्रमांकावर ठरतं. ७३०७ (पाइप फिटिंग) आणि ७३२६ ही शीर्षकं सीबॅमच्या यादीत आहेत. पंपाचे भाग ८४१३ खाली जातात, व्हॉल्व्हचे ८४८१ आणि गिअरबॉक्सचे ८४८३ खाली; ही यादीत नाहीत. म्हणजे एकाच भट्टीतून निघालेले दोन नग दोन वेगळ्या नियमांत. प्रत्येक पार्टचं वर्गीकरण कस्टम हाउस एजंटकडून लेखी घ्या आणि जर्मन ग्राहक तिकडं कोणता कोड लावतो त्याच्याशी पडताळा. दोघांचे कोड वेगळे निघाले की माल अडतो. आयातदाराची यादीतल्या मालाची वर्षाची एकूण आयात ५० टनांच्या आत असेल तर त्याला सूट आहे. पण यादी वाढत जाणार हे धरूनच चाला. यादीतल्या मालाला ग्राहक तुमच्या चार्जमधलं (भट्टीत घातलेल्या मालातलं) पिग आयर्नचं, म्हणजे खनिजापासून काढलेल्या कच्च्या लोखंडाचं प्रमाण विचारेल, कारण पिग आयर्नच्या पोटातलं उत्सर्जन तुमच्या मालात धरतात आणि भंगाराचं शून्य धरतात. हीटनिहाय (दर वितळणीची वेगळी) चार्ज शीट आजपासून नीट ठेवली तर पुढं हाच आकडा तुमच्या बाजूनं बोलेल.

स्मॅकचं सदस्यत्व कमी लेखू नका. शिरोलीतल्या चार-पाच फाउंड्र्या, ज्यांचे वजनाचे पल्ले वेगळे आहेत, म्हणजे कुणी २ ते १० किलो, कुणी १५० च्या पुढं, त्यांनी मिळून एक दालन, एक जर्मन बोलणारा माणूस आणि एक सामाईक पान केलं, तर खर्च वाटून जातो आणि आलेला ग्राहक रिकाम्या हातानं परतत नाही. गोकुळ शिरगावच्या कारखानदारांची गोशिमा, कागल-हातकणंगल्याची मॅक आणि आयआयएफचा (भारतीय फाउंड्रीवाल्यांच्या संस्थेचा) कोल्हापूर चॅप्टर यांना एकत्र बसवायला स्मॅकनं पुढाकार घ्यावा, असं तुम्ही सदस्य म्हणून मागू शकता. सुरुवातीच्या दोन-तीन टनांच्या खेपा न्हावाशेव्याला एका कंटेनरात घालणंही यातूनच जमतं. संस्थेच्या लेटरहेडला वजन असतं हे आपल्या गावानं नुकतंच पाहिलंय : जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली, तेव्हा महाराष्ट्र चेंबरनं पत्र लिहिलं आणि उत्तरही चेंबरच्या नावानंच आलं.

एकत्र बसताना एक पथ्य. एकमेकांचे किलोचे दर तिथं काढायचे नाहीत. आपल्याकडं स्पर्धा कायदा आहेच, पण युरोपात याबाबत फार कडक वागतात. संघटनेच्या बैठकीत दरांवर बोलणं झालं तर संघटनेलाही दंड होतो आणि हजर असलेल्या कंपन्यांनाही. जर्मन माणूस अशा चर्चेतून उठून जातो. त्याला उद्धट समजू नका.

आता एजंट. चौथी संघटना ती हीच : सीडीएच, जर्मन व्यापारी एजंटांची संघटना. परदेशी कंपन्यांना तिच्या सदस्यांतून एजंट शोधता येतो, आणि एखाद्याच्या भाच्याच्या ओळखीनं नेमलेल्या माणसापेक्षा हा मार्ग बरा. कास्टिंग विकणारा एजंट दुसऱ्या कोणत्या कंपन्यांचं काम करतो ते आधी विचारा. मशीनिंगवाला किंवा फोर्जिंगवाला असेल तर उत्तम. दुसरी ग्रे आयर्न फाउंड्री असेल तर नको.

सही करण्याआधी जर्मन व्यापार संहितेचं कलम ८९बी वाचून घ्या. करार तुम्ही संपवलात तर एजंट भरपाई मागू शकतो, आणि ती गेल्या पाच वर्षांच्या सरासरीनं एका वर्षाच्या कमिशनपर्यंत जाते. हा हक्क आधीच सोडून देतो असं लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. करार ‘कोल्हापूर न्यायकक्षा’ असा लिहिल्यानं सुटका होईल या भरवशावर राहू नका. म्हणून क्रम असा ठेवा : आधी चेंबरचा शोध, त्यातून निघालेल्या दोन-तीन ग्राहकांशी थेट काम, आणि एजंट त्यानंतर. करारात त्या ग्राहकांची नावं वगळून.

प्रदर्शनाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी दालन घेऊ नका. ड्युसेलडॉर्फला दर चार वर्षांनी गिफा भरतं, पुढचं जून २०२७ मध्ये. पण गिफा फाउंड्रीची यंत्रं विकणाऱ्यांचं. तिथं तुम्ही गिऱ्हाईक. त्याच्या जोडीनं भरणारं न्यूकास्ट हे कास्टिंगचं, तिथं तुम्ही विक्रेते. २०२७ साठी ईईपीसीकडं नाव आताच घाला. त्याआधी सम वर्षांत ड्युसेलडॉर्फला व्हॉल्व्ह वर्ल्ड आणि म्युनिकला पाणी-सांडपाण्याचं इफाट असतं. तिथं दालनं लावलेल्या कंपन्या म्हणजे तुमचे ग्राहकच. तिकीट काढून फिरा. दालनात उभे असतात ते विक्रीचे लोक, त्यांना माल दाखवत बसू नका. कास्टिंगची खरेदी कोण बघतं, एवढं नाव विचारा आणि कार्ड घ्या. अशा प्रदर्शनांनंतर ‘प्रदर्शक सूची अद्ययावत करा, सही करून पाठवा’ असे फॉर्म येतात. बारीक अक्षरात तीन वर्षांचा सशुल्क करार असतो. आयोजकाकडं फोन करून खात्री झाल्याशिवाय अशा कशावरही सही नको.

चेंबरमधून चौकशी आली की उत्तराची घाई खरी सुरू होते. ड्रॉइंग मिळाल्याची पोच त्याच दिवशी, शंका तीन दिवसांत, दर दहा दिवसांत. दरात पॅटर्नचा (साचा घेण्याच्या नमुन्याचा) खर्च वेगळा, कास्टिंगचा वेगळा, मशीनिंगचा वेगळा, आणि भंगाराच्या भावाबरोबर हलणारा मटेरियल सरचार्ज कोणत्या पायावर मोजणार ते स्पष्ट. उशीर होणार असेल तर उशीर होतोय हे आधी कळवा; गप्प बसणं तिथं नकार समजतात. लाकडी पेट्या आयएसपीएम १५ च्या (लाकडातल्या किडीविरुद्धच्या मानकाच्या) शिक्क्याच्याच हव्यात, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं. शिक्का नसलेल्या एका फळीवरून सगळी खेप थांबते. उधारीवर माल जाणार, तर ईसीजीसीचं (सरकारी निर्यात-विमा कंपनीचं) विमासंरक्षण पहिल्याच खेपेला घ्या आणि ग्राहकाची पतमाहिती चेंबरकडून मागवा; त्यांची ही सेवा स्वस्तातली आणि फार उपयोगाची आहे.

भावांचा ऑगस्टचा बेत मात्र बदला. ऑगस्टमध्ये अर्धी जर्मनी सुट्टीवर असते, दक्षिणेकडच्या बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये शाळांच्या सुट्ट्या सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जातात, आणि खरेदी विभागात नुसता बदली माणूस भेटतो. सप्टेंबरचा शेवट धरा. भेटींच्या वेळा जुलैतच मागा, दिवसाला दोनच्या वर नकोत. नमुने सोबत नेणार असाल तर फिक्कीकडून एटीए कार्नेट काढा, म्हणजे ड्युटी न भरता नेऊन परत आणता येतात. यादीत नगनिहाय वजन लिहिलेलं असावं आणि परत येताना तेवढेच नग हवेत. रंग मारलेली चकचकीत बॉडी नेण्यापेक्षा पंप बॉडीचा एक नग मधोमध कापून न्या, कापलेली बाजू पॉलिश करून. भिंतीची जाडी, कोअर सरकलाय का आणि आत ब्लो होल (वायूमुळे पडलेली छिद्रं) आहेत का, हे खरेदीदार न विचारता बोट लावून बघेल.